हेल्मेटचं अस्तर

"पिळू नकोस, दाब," आई म्हणाली. "पिळलं की आतला फोम फाटतो. तान्ह्या बाळाचं डोकं धुतेयस असं समज."

मुलीने कोमट पाण्यात बुडालेलं अस्तर तळहाताने हळूच दाबलं. पाणी काळं झालं. तिने ते ओतून दिलं, नवं घेतलं आणि त्यात थोडा शाम्पू टाकला.

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान होतं. रिकामी हेल्मेटं जमिनीवर उताणी मांडलेली, प्रत्येकात सोडा भुरभुरलेला. धुतलेली अस्तरं पंख्याखाली दोरीवर. उन्हात वाळवलं तर अस्तर कडक होतं आणि वासही पुरता जात नाही, हे आई येणाऱ्या प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगायची.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपले होते, म्हणून दोघी हळू बोलत होत्या.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दारातून डोकावले. "काकू, माझ्या हेल्मेटात उंदीर मेलाय का बघा हो."

"उंदीर असता तर कधीच घर सोडून गेला असता," असं म्हणत आईने हेल्मेट घेतलं आणि आत नाक खुपसलं. पाण्यात घालण्याआधी प्रत्येक अस्तराचा वास घ्यायचा, ही तिची पद्धत. घाम असेल तर शाम्पू, कुबट असेल तर आधी सोड्यात ठेवायचं. "काय मास्तर, सिगारेट सोडली होती ना? परत कधी धरलीत?"

मास्तरांनी कान पकडले. "घरी सांगू नका. पोलिसात हव्या होतात तुम्ही." आणि संध्याकाळी येतो म्हणून ते सटकले.

एरवी मुलगी खो खो हसली असती. आज ती खाली बघून नुसती अस्तर दाबत राहिली.

उद्या तिला मागणी घातलेल्या मुलाच्या घरचे उत्तर विचारायला येणार होते. पार्सल पोचवणारा मुलगा. मुलीने त्याला केव्हाच मनातून हो म्हटलं होतं. अडलं होतं ते आईपाशी. "मोटारसायकलवर दिवसभर उंडारणारी पोरं," ती म्हणायची, "संध्याकाळी कुठे बसतात कुणाला ठाऊक." शेवटी तिने एकच अट घातली होती. त्याचं हेल्मेट आणून दे, मग सांगते.

"आणलंस का?" आईने विचारलं.

मुलीने हात पुसले. कोपऱ्यातल्या पिशवीतून तिने एक काळं अस्तर काढलं. त्याला गालांच्या गाद्या आणि हनुवटीपुढचा कापडी पट्टा तसाच होता.

"एवढंच? हेल्मेट कुठाय?"

"नुसतं अस्तरच काढून आणलं."

"विचारून आणलंस ना?"

"नाही. ज्याचं आहे त्याला माहीत नाही."

आईला हसू आलं. "शहाणी आहेस. वासाला एवढं पुरे."

तिने अस्तर उलटं केलं. डोक्याच्या भागाचा वास घेतला. गालांच्या गाद्यांचा घेतला. मग हनुवटीचा पट्टा नाकाशी धरला आणि तिथेच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"काय गं?" मुलीने विचारलं.

"बस इथे."

मुलगी स्टुलावर बसली. आईने पट्टा तिच्यापुढे धरला. "माणसाचा श्वास दिवसभर इथे आदळतो. डोक्याचा घाम काहीही सांगेल, हा पट्टा खरं ते सांगतो. यात पेपरमिंट आहे. आणि पेपरमिंटच्या खाली दारू आहे. एका दिवसाची नाही, मुरलेली."

"चूक होऊ शकते ना तुझी?"

"या वासात? माझी?" आईने लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. या वासाबरोबर मी संसार केलाय. ताटं फुटलेली पाहिलीत. तुला कडेवर घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहिलेय. तुझ्या बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पाळली, म्हणून आज हे घर दिसतंय. आता बघ, कामावरून आले की घरात पाय टाकताच आधी दात घासतात, आंघोळ करतात, मग माझ्याशी बोलतात. कसली शिस्त! पण सगळ्यांनाच नाही गं जमत."

मुलीचे डोळे भरून आले. आईने तिच्या डोक्यावरून ओला हात फिरवला.

"रड. आज रडलीस तर चालेल. जन्मभर रडू नकोस."

"तो सुधारला तर? त्याने शपथ घेतली तर?"

"पेपरमिंट चघळणारा माणूस सुधारत नसतो. तो लपवायला शिकलेला असतो. उघड पिणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं."

"आई, तुला अगदी नक्की वाटतंय? नंतर मागे नाही ना फिरणार?"

"मी?" आईने अस्तर बादलीत न टाकता बाजूला ठेवलं. ते धुवायचीही तिला इच्छा उरली नव्हती. "जे मी सोसलं ते तुला सोसू देणार नाही. मग तो कुणीही असो, कितीही गोड बोलो. असल्या माणसाच्या घरात मी तुला एक दिवसही राहू देणार नाही."

मुलीने डोळे पुसले. उठून तिने मागच्या खोलीचं दार अलगद पूर्ण लावून घेतलं.

"मग दोघींचे कपडे भरू ना, आई? हे अस्तर मी आपल्याच खुंटीवरच्या हेल्मेटातून काढलंय, बाबांच्या."