दादाने हरायचं ठरवलं

“ट्रॅक्टर नको, रस्त्याचा रोलर चढवा ट्रेलरवर,” धाकटा म्हणाला. “हलकं ओझं ओढून काय कळणार?”

दादाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने आभाळाकडे पाहिलं. बंद पडलेली वाहनं ओढून आणणाऱ्या त्या यार्डात रोलरपेक्षा जड काही नव्हतं, दोघा भावांचा हट्ट सोडला तर.

हट्ट वर्षभराचा होता. टोइंगचा ट्रक बदलायला झाला होता. दादाला नवाही डिझेलच हवा होता, धाकट्याला विजेवरचा.

“मोबाईलला चाकं लावून त्याला ट्रक म्हणतात हल्ली,” दादा जेवताना सुरू करायचा. “मागे ओझं लावलं की चार्जिंग निम्म्यावर. मग स्टेशन शोधा. तिथे जागा पुरत नाही म्हणून आधी ट्रेलर सोडा, मग वायर लावा, मग झोप काढा, मग परत ट्रेलर जोडा. तोवर ज्याची गाडी बंद पडली तो पायी घरी पोचलेला असतो.”

“लांबचं ओढकाम महिन्यात कितीसं येतं? बाकीचा वेळ ट्रक सुटे भाग आणतो आणि आईला डॉक्टरकडे नेतो,” धाकटा म्हणायचा. “खोकला दाखवायला निघालेली आई तुझ्या धुरातून पोचेपर्यंत खोकला दुप्पट झालेला असतो.”

“मला मध्ये ओढू नका,” आई म्हणायची. “मी ओझं नाही.”

इथवर सगळं बरं चाललं होतं. घरात टीव्ही बिघडला होता, त्याची उणीव भासत नव्हती. पण एका संध्याकाळी धाकटा भात कालवता कालवता म्हणाला, “दादा, मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. गाड्यांच्या कारखान्यात. विजेचा ट्रक आला, तर त्याच्याकडे बघायला इथे कुणीतरी हवं, मी राहतो. नाही आला, तर माझं इथे काय काम? मी जातो.”

त्या दिवसापासून दादाचं जेवणातलं लक्ष उडालं.

वडील गेले तेव्हा धाकटा दादाच्या कंबरेएवढा होता. त्याला सायकल दादाने शिकवली, ट्रकही दादानेच. दादाला मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून कुणी कीव केली तर तो यार्डाकडे बोट दाखवून म्हणायचा, आहे की एक, तेलात लोळतोय. हा गेला तर उरणार काय? मिस्त्री आणि गंज.

‘जाऊ नकोस’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्या घरात असलं काही बोलण्यापेक्षा रोलर उचलणं सोपं होतं. आणि ‘आण तुझा विजेचा ट्रक’ म्हणावं, तर वर्षभर मिस्त्रीसमोर, गिऱ्हाइकांसमोर केलेली टिंगल गिळायची कशी?

शेवटी आईच वैतागली. “दोन्ही गाड्या त्या खाणीच्या चढावर न्या. जी चढेल ती घ्या. माझं डोकं मोकळं करा.”

“आणि दोन्ही अडल्या तर डिझेलच,” धाकटा म्हणाला. “नव्या गाडीनेच स्वतःला सिद्ध करायला हवं.”

पोराचा हा ताठ कणा पाहून दादाला भरून आलं. आणि त्याला वाटही सापडली. हरायचं. चारचौघांत, रीतसर, कुणाला शंका न येता हरायचं.

विजेच्या ट्रकची त्याला काळजी नव्हती. त्याचं माहितीपत्रक त्याने न्हाणीघरात कडी लावून वाचलं होतं. रोलर त्याला जड नव्हता.

शोरूमने एक दिवसासाठी दिलेला तो ट्रक सकाळी आला. आवाज नसल्यामुळे मिस्त्री त्याच्या खाली येता येता वाचला आणि लगेच त्याच्या विरोधात गेला.

रोलर चढवलेला ट्रेलर मागे लावून आधी डिझेल निघाला. दादाने चढाच्या तोंडाशीच वरचा गिअर टाकला. याच चुकीसाठी त्याने आजवर कितीतरी शिकाऊ ड्रायव्हरांचा उद्धार केला होता. इंजिन कण्हलं, गुरगुरलं. क्लच जळल्याचा वास सुटला. निम्म्या चढावर ट्रक आचके देत थांबला. इतक्या वर्षांच्या साथीदाराची अशी शोभा करताना दादाने उगाच स्टिअरिंगवर हात फिरवला.

“म्हातारा झाला,” तो खाली उतरून म्हणाला.

“कोण?” मिस्त्रीने विचारलं.

ट्रेलर हळूहळू मागे उतरवून विजेच्या ट्रकला जोडला. धाकटा दादाकडे न बघताच आत बसला. आईने पदर तोंडाशी धरला. धूर नव्हता तरी.

ट्रक निघाला. रोलर मागे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. डिझेल जिथे थांबला ती जागा त्याने सहज ओलांडली. दादाने तोंड वाकडं करून ठेवलं होतं, पण आतून तो हसत होता. आता कुरकुर करत चार शब्द पुटपुटायचे, हार कबूल करायची, आणि पोरगं घरात.

वरच्या वळणाशी ट्रक थांबला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग दादा धावत सुटला. बॅटरी गेली की काय? माहितीपत्रकात थापा होत्या की काय? धापा टाकत त्याने दार उघडलं आणि पायरीवर चढला.

“चढत नाही रे, दादा,” धाकटा समोर बघत म्हणाला. “तू जिंकलास.”

“दाब जरा अजून.”

“दाबलंय.”

पडद्यावर बॅटरी जवळजवळ भरलेली होती. लाल खूण एकही नव्हती. दादाने खाली पाहिलं. उजवा पाय खरंच अ‍ॅक्सिलरेटरवर होता. या गाडीला क्लच नव्हता, डाव्या पायाला काही कामच नव्हतं. तरी तो ब्रेकवर होता, टाच उचलून, सगळा भार टाकून. रोलर मागणारा हाच, ‘दोन्ही अडल्या तर डिझेलच’ म्हणणाराही हाच; हरायचं यानेही ठरवलं होतं, जायचं म्हणून.