ड्वेनच्या पिकअपचे टॅपेट

"सूड हा देवाने गरिबाच्या हाती दिलेला राजदंड आहे," व्हर्लिन क्राउस बॉनेटखाली वाकून गंभीरपणे म्हणाला. तेवढ्यात बॉनेटच्या जुन्या स्प्रिंगने दगा दिला आणि ते त्याच्या टाळक्यावर बसलं.

ऐकायला शेडमध्ये फक्त कुत्रा होता, आणि तोही बहिरा.

पिकअप पन्नास सालची, हिरवी आणि ड्वेन लिंडहोमची. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची.

कोल्टर गावात व्हर्लिनला व्हर्लिन म्हणणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. तो 'बूच' होता. तरुणपणी एकदा पाद्रीसाहेबांच्या गाडीचं ऑइल बदलताना तो खालचं बूच घट्ट करायला विसरला आणि शेडपासून चर्चपर्यंत रस्त्यावर काळी रेघ उमटली. गाव विसरलं असतं. पण ड्वेन रोज सकाळी कॅफेच्या काउंटरपाशी बसून ती रेघ नव्याने ओढायचा. मक्याचं बियाणं विकायला आलेल्या परक्या माणसालाही कॉफी निवायच्या आत ती गोष्ट ऐकावी लागे. पाद्रीसाहेब वारले, तेव्हा दफनाच्या रांगेत ड्वेन मागून कुजबुजला होता, "बूच, रस्ता सापडला ना? रेघ पुसट झालीय हल्ली."

आणि आज हाच ड्वेन आपल्या पायांनी शेडमध्ये आला होता.

"टॅपेट फार वाजतात रे," तो म्हणाला. "सासऱ्यांची गाडी. सासूबाई म्हणतात, लग्नानंतर आम्ही हिच्यातून ओरेगॉनला समुद्र बघायला गेलो होतो, मरायच्या आधी एकदा पुन्हा जायचंय. बायकोने तर डबेसुद्धा काढून ठेवलेत."

"तिघं? या एका बाकड्यावर?"

"सासूबाई मधे बसणार. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्यांमधे. वाटेत भजनं म्हणणार आहेत, सगळी कडवी." ड्वेन हसला. "प्रवास म्हणजे कसा, भरलेला पाहिजे."

"हमरस्त्यावर पॉलने नवं गॅरेज टाकलंय. तिकडे का नाही गेलास?"

"पॉल काम चांगलं करतो. पण तू तो तूच." ड्वेनने टोपी सारखी केली. "एक बघ, टिकटिक अजिबात नको. इंजिन कसं गप्प पाहिजे. अगदी गप्प."

'अगदी गप्प' हे शब्द व्हर्लिनने जिभेवर घोळवले. पेपरमिंटसारखे लागले.

कारण इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या टॅपेटमध्ये खेळायच्या पत्त्याच्या जाडीएवढी फट ठेवावीच लागते. ती जास्त झाली तर टिकटिक होते, पण कोणाचं काही बिघडत नाही. ती कमी झाली तर इंजिन असं गोड चालतं की मालक दोन दिवस मिशीत हसतो. आत मात्र व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, सारखा आच खात राहतो आणि शे-दोनशे मैलांपुढे एखाद्या चढावर जळून जातो. मग कोणी म्हणत नाही की मिस्त्री चुकला. म्हणतात, गाडी जुनी होती. सुडाला याहून सभ्य हत्यार व्हर्लिनला ठाऊक नव्हतं.

इंजिन गरम होतं, चालू होतं. वरचं झाकण काढलेलं, आणि आतले रॉकर शिवणयंत्रासारखे खालीवर नाचत होते. व्हर्लिनने फट मोजायचं पातळ पातं आत सरकवलं, नट सैल केला, स्क्रू फिरवला. एक टॅपेट गप्प झाला. मग दुसरा.

तिसऱ्याला त्याचा हात अडखळला. हुल्डा ही ड्वेनची सासू असली तरी म्हातारी होती. वाटेतल्या वायोमिंगच्या उन्हात तिला रस्त्याकडेला बसवायचं म्हणजे जरा जास्तच होत होतं. त्याने स्क्रू उलटा फिरवायला घेतला.

"काय रे," दारातून ड्वेन म्हणाला, "खालचं बूच बघितलंस ना?"

व्हर्लिनने स्क्रू पुन्हा आवळला. वर पाव फेरा जास्तीचा दिला, पाद्रीसाहेबांच्या नावाने.

ड्वेनने कान लावून ऐकलं. इंजिन झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरत होतं. "कमाल आहे तुझी," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज चक्क भरून आला होता.

तिघं निघाली त्या सकाळी व्हर्लिन मुद्दाम कॅफेच्या दारात उभा राहिला. पिकअपची काच खाली होती. म्हातारीचं भजन धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतर व्हर्लिन रोज कॅफेत जाऊन बसू लागला, ड्वेनच्याच स्टुलावर. रुबार्बच्या पाय-पेस्ट्रीचा तुकडा मागवायचा, रस्त्याकडे बघायचा आणि चेहऱ्यावर दुःख आणायचा सराव करायचा. दुःख बरं जमायला लागलं होतं.

आठवडा उलटायच्या आत एक टो-ट्रक आला. पाठीवर हिरवी पिकअप, पुढे ड्रायव्हरशेजारी ड्वेन. एकटाच. व्हर्लिन पेस्ट्री अर्धी टाकून शेडकडे धावला.

"काय झालं रे?"

"वायोमिंगचा पहिलाच चढ. आधी फटफटली, मग बसली. तीन व्हॉल्व्ह जळालेत म्हणतात."

"अरेरे," व्हर्लिन म्हणाला. सराव कामी आला. "आणि बायका?"

"बसने पुढे गेल्या. समुद्र बघून महिनाभर मेहुणीकडे राहतील. मी म्हटलं, गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं."

"जुनी गाडी," व्हर्लिन म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ड्वेन त्याच्यासमोर मान खाली घालून उभा होता.

"नवे व्हॉल्व्ह टाकशील ना?"

"बघतो. घाई नाही ना?"

"छे. मुळीच नाही." ड्वेनने मागे वळून टो-ट्रकवाला दूर असल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "पण व्हर्लिन, पुढच्या उन्हाळ्यात दोघींना फ्लोरिडाला जायचंय. तेव्हा टॅपेट आणखी जरा घट्ट करशील का? या खेपेला गाडी तीनशे मैल गेली रे, भजनांसकट."