घरच्यांचा कागद

नीरज तिसऱ्यांदा कागद घेऊन आला होता. मंत्र्यांच्या कार्यालयातली माणसं एरवी चौक गावात निवडणुकीलासुद्धा फिरकत नाहीत.

“मावशी, साहेबांचं विमान उद्या सकाळी आहे,” तो म्हणाला. “आज अंगठा दिलात, तरच कागद त्यांच्याबरोबर जाईल.”

हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर नवा खिळा होता, पण त्याला काही टांगलेलं नव्हतं.

मंत्री आखातात निघाले होते. बंदरं, कोळंबीची निर्यात, दोन देशांची मैत्री, असं बरंच काही काशीमीऱ्याच्या नाक्यावरच्या बॅनरवर लिहिलं होतं आणि मंत्र्यांचा चेहरा विमानापेक्षा मोठा छापला होता. त्या सगळ्या धामधुमीत दोन मिनिटं तिथल्या तुरुंगातल्या एका पोरासाठी राखली होती. खोलीवरच्या भांडणात एक जीव गेला होता आणि पोराला मरणाची शिक्षा झाली होती. अकरा दिवस उरले होते.

शेजारची हंसा चहा घेऊन आली. कप तिनं उंबऱ्याबाहेरूनच हात लांबवून दिले.

“आत या ना,” नीरज म्हणाला.

“न्हाय, मी हितंच बरी.”

तिचे डोळे सुजले होते. वर्षभर हौसाबाईचं पाणी तीच भरत होती, बाजारही तीच करत होती. तिकडून फोन आला त्या दिवसापासून दोघींनी मासळी सोडली होती. कोळणीनं मासळी सोडणं म्हणजे काय, हे नीरजला कळण्यासारखं नव्हतं. घरात वास नाही, एवढंच त्याला बरं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी हौसाबाईचा मुलगा प्रीतम आखातात जायला विमानानं निघाला, तेव्हा तिनं दर्याला नारळ दिला होता. विमानानं जाणाऱ्याला दर्याचा नारळ कशाला, म्हणून तो हसला होता. सुखरूप घरी आला की दुसरा द्यायचा, असं ती बोलली होती. तो नारळ अजून फळीवर होता, आतून पार सुकलेला.

“तिथल्या कायद्यात घरच्यांच्या कागदाला फार वजन आहे,” नीरज म्हणाला. “त्यात करार होतोय, तिथले लोकही खुशीत आहेत. साहेबांना नाही म्हणणार नाहीत. वाचून दाखवू?”

“नको. म्हाईत हाय मला त्यात काय हाय.”

“मग अडलंय कुठं, मावशी? चोवीस वर्षांचं पोर आहे.”

वय तिला सांगायला नको होतं. तिनं मान फिरवली.

“पोर बोलतं का?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“वरीसभर कोठडीत हाय. डोकं ठिकानावर हाय ना? इचारलं तर नीट सांगल ना?”

“आपल्या दूतावासाची माणसं भेटून आलीत. नीट बोलतो म्हणाले. रडतो फार.”

दारात हंसानं पदर तोंडात कोंबला.

“इमानानं येल?”

“हो. साहेबांनी मनावर घेतलंय. पंधरा दिवसांत गावात असेल.”

हौसाबाई फळीवरच्या नारळाकडे बघत राहिली. नीरजनं दोनदा घड्याळ पाहिलं. मग तिनं डावा हात पुढे केला. नीरजनं घाईघाईनं शाईची डबी उघडली. तिनं अंगठा टेकवला, उचलला, आणि तशीच बसून राहिली. कागद फाइलमध्ये घालून नीरज गाडीकडे पळाला.

हंसा उंबऱ्यावर कोसळली होती. बाहेरूनच तिचे हात हौसाबाईच्या पायांकडे येत होते, पण पोचत नव्हते.

“आत ये, हंसे,” हौसाबाई म्हणाली. “तुजा लवू आला की आदी माज्याकडं धाड. सुरा लागल्यावर माज्या प्रीतमनं कुनाला हाक मारली, ते त्याला एकट्यालाच म्हाईत हाय.”