भाजल्याची वेळ

मोसेसेच्या लघवीच्या पिशवीत तळाला काळ्या चहासारखं काहीतरी साचलं होतं, आणि सकाळपासून ते वाढायचं नाव घेत नव्हतं.

डॉक्टर सेइनीनं पुन्हा हिशोब मांडला. वजन, भाजलेल्या अंगाचा हिस्सा, गुणिले चार. येईल त्यातलं निम्मं सलाईन पहिल्या आठ तासांत आत जायला हवं, आणि ते आठ तास भाजल्यापासून धरायचे. छाती आणि दोन्ही हात भाजलेले, म्हणून सुया पायांत होत्या. आकडा बरोबर होता.

"मग लघवी का होत नाही?" नर्स लुपे म्हणाली.

"एक तर किडन्या बसल्या. तसं असेल तर आणखी ओतलं की फुप्फुसात पाणी भरेल. नाहीतर आपली वेळ चुकलीय, आणि हा माणूस आतून वाळतोय." सेइनी मोसेसेच्या बायकोकडे वळली. "मावशी, नक्की कधी भाजलं?"

"सांगितलं ना. आज पहाटे. होडीचं इंजिन खोलताना पेट्रोल भडकलं." मेलेनाइतेनं दोन्ही हात रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईत आणखी आत खुपसले.

खाटेच्या पायथ्याशी पाद्रीबाबा प्रार्थना पुटपुटत उभे होते. मोसेसे त्यांच्याच चर्चमध्ये प्रवचन करायचा. रविवारी काम करणं आमच्या बेटांवर पाप, आणि कायद्यानं गुन्हासुद्धा. रविवारी कोणी नुसतं जाळं वाळत घातलं तरी मोसेसे भर चर्चमध्ये नाव घेऊन त्याची सालं काढायचा. लोक त्याला पोलिसांपेक्षा जास्त भ्यायचे.

"एवढी सूज आज पहाटेची?" लुपे हळूच म्हणाली.

मोसेसेनं डोळे उघडले आणि बायकोवर रोखले.

"पहाटे," तो कोरड्या ओठांनी म्हणाला. "आज."

"मावशी, मी काही पोलीस नाही!" सेइनीचा आवाज चढला. "उगाच ओतलं तरी हे जातील, कमी ओतलं तरी जातील. मला फक्त वेळ सांगा."

मेलेनाइतेनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती त्या काळपट पिशवीकडे पाहत राहिली. तिला फार भीती वाटत होती, पण आता ती त्याच्या रागाची नव्हती.

"काल," ती म्हणाली. "चर्चची दुपारची घंटा होत होती. उजाडेपर्यंत यांनी मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही."

पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच थांबली. "काल तर ताप आलाय म्हणून निरोप धाडला होतास."

"ताप नव्हता," मेलेनाइते म्हणाली.

मोसेसेनं मान भिंतीकडे वळवली.

"म्हणजे ते आठ तास कालच संपले," सेइनी म्हणाली, आणि तिनं दोन्ही नळ्या पूर्ण सोडल्या. "लुपे, सलाईनच्या पिशव्या हातानं दाबायच्या. लघवीवर लक्ष ठेव, छाती मी ऐकते."

लुपेनं एक पिशवी घेतली, दुसरी मेलेनाइतेपुढे धरली. मेलेनाइतेनं चटईतून हात बाहेर काढले. आग विझवताना तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. ती पिशवी तिनं मनगटांनीच उचलली आणि पाद्रीबाबांपुढे केली.

"माझ्यानं नाही दाबवणार, पाद्रीबाबा. तुम्ही दाबा. आज सोमवार आहे."