मावशीची वही

"मावशी जेवली का?" मुलीनं इस्पितळाच्या उशीवरून विचारलं.

मावशी म्हणजे तिनं पाळलेली कोळीण. टॅरँटुला जातीच्या कोळ्याची मादी, केसाळ, तळहाताएवढी. आई गेल्यापासून घरात कुणीतरी बाईमाणूस हवं, म्हणून कोळिणीची मावशी झाली होती.

"रातकिडा टाकला. तोंड फिरवलं तिनं," वडील म्हणाले.

"मग नीट बघत जा. पोट सुरकुतलंय का? सारखी काचेवर चढते का? मागं टक्कल पडलंय?"

"कोळ्याला टक्कल?"

"बिथरली की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते. उताणी दिसली तर घाबरू नका, कात टाकत असेल. हात लावायचा नाही. पण पाय मुठीसारखे आत आवळून घेतले, तर..."

"तर?"

"तर मला सांगा. ती टिकली की मीही टिकणार, असं ठरलंय आमचं." ती हसली. हसण्याचा खोकला झाला.

वडिलांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे त्यांना बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जायचं. मुलगी त्यांच्याच टेबलाखाली वाढलेली. मुळाक्षरांआधी तिला मुद्रितं तपासण्याच्या खुणा येत. नको तो मजकूर आडव्या रेघेनं खोडायचा. खोडलेला पुन्हा हवा असेल, तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'.

रोज सकाळी ते मावशीच्या काचेच्या पेटीत डोकावायचे, वही लिहायचे आणि दुपारी ती मुलीच्या हातात द्यायचे. तीन दिवस खरं लिहिलं. जेवली नाही. टक्कल वाढलं आहे. पोट सुरकुतलं आहे.

चौथ्या दिवशी कोळीण पाण्याच्या वाटीशेजारी पडली होती. उताणी नव्हती. आठही पाय मुठीसारखे आवळलेले. त्यांनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. दोन तास वाट पाहिली. मग तिला खिडकीतल्या कुंडीत पुरलं आणि वही उघडली.

'आज जेवली. पोटावरचे केस परत येऊ लागले आहेत.'

सवयीनं त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्या दुपारी मुलगी त्या पानावर बराच वेळ होती. मग म्हणाली, "खिशातली तांबडी पेन्सिल ठेवून जा ना. शब्दकोडी सोडवीन."

पुढे एकवीस दिवस मावशी जेवत राहिली.

"आज किती खाल्लं?"

"अख्खा रातकिडा."

"हावरट मेली! द्या मग, मलाही दोन घास भरवा." डोळे मिटून ती ते गिळायची. वडिलांना वाटायचं, एका खोट्यानं एवढं साधत असेल तर पाप कसलं?

बाविसाव्या दिवशी कॉट रिकामी होती. नर्सनं पिशवी हातात दिली. तिचा चष्मा, केस गेल्यापासून न लागलेला कंगवा आणि वही.

बाकावर बसून त्यांनी वही चाळली. चौथ्या दिवसाच्या पानावर हात थांबला. केसांच्या वाक्यावर तांबडी आडवी रेघ होती. शेजारी बारीक अक्षर: 'कात टाकल्याशिवाय केस परत येत नाहीत, बाबा.'

आणि खोडलेल्या वाक्याखाली, एकसारख्या अंतरावर, टिंबं. समासात दोनच शब्द.

राहू द्या.