चकलीची कृती

"ही लिंक बिघडलीय गं," कुमुदताई म्हणाल्या. "‘मदत हवी’वर दाबलं, मजकूर आला, पण वरचा पत्ता पाककृतींचाच राहिला."

"बिघडलेली नाही, मुद्दाम तशी केलीय," सुचेता म्हणाली. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी कुमुदताई मिरजेत संस्था चालवत होत्या आणि संस्थेची वेबसाइट सुचेता बनवून देत होती, वरवर पाककृतींची वाटेल अशी. "एरवी लिंक दाबली की ब्राउझर नवं पान उघडतो आणि त्याची नोंद ठेवतो. मी जावास्क्रिप्टने तो क्लिक मध्येच अडवलाय. मजकूर त्याच पानावर दिसतो. नंतर कुणी फोन तपासला, तर बाई चकलीची कृती बघत होती, एवढंच कळतं."

"आणि नवरा अचानक मागे येऊन उभा राहिला तर?"

"वरच्या ‘चकली’वर बोट लावायचं." सुचेताने करून दाखवलं. पडद्यावर भाजणीचं प्रमाण आलं.

कुमुदताईंना हसू आलं. "कुणी सुचवलं गं हे? आम्ही तर असं काही सांगितलं नव्हतं."

"कुणी नाही. माझा नवरा रोज जेवण झालं की माझा फोन तपासतो," लॅपटॉपवरची नजर न काढता सुचेता म्हणाली.

कुमुदताईंचं हसू मावळलं. त्यांनी विचारलं, "आज घरी जाणार आहेस?"

"नाही. बॅग तुमच्या जिन्याखाली ठेवून आलेय," सुचेता म्हणाली. "म्हटलं, आधी काम पुरं करून द्यावं."