कापड आटतं तेवढं

अपलोड ११ टक्के.

"काका, सगळे पॅटर्न या डब्यात होते?" प्रगतीनं टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघत विचारलं. सॉफ्टवेअर कंपनीची ही पोरगी सकाळीच कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात आली होती. बावीस वर्षांची मापं ती इंटरनेटवर चढवत होती.

"अर्धं डब्यात," कटिंग मास्तर गुरुदत्त म्हणाला. पुढचं बोलला नाही.

३८ टक्के.

पुढचं म्हणजे, धुतल्यावर कापड आटतं ते. नवं ठाण आलं की गुरुदत्त वीतभर तुकडा उकळायचा, वाळवायचा, मोजायचा आणि कटिंगच्या टेबलावर खडूनं माप वाढवायचा. कधी इंचभर, कधी अर्धाच. कॉम्प्युटरमधलं माप त्यानं कधी सुधारलं नाही. मुद्दामच. ते जसंच्या तसं कापलं तर पँट घोट्याच्या वर चढणार, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"सोमवारपासून कटिंग सुरतला," शेठ म्हणाला होता. "अब पॅटर्न किधर से भी खुलेगा, गुरू. शिलाई फक्त इथं."

कापू देत. पहिला माल आखूड निघाला की मला न्यायला बदलापूरला घरी गाडी येईल, असं गुरुदत्तनं ठरवून टाकलं होतं.

७४ टक्के.

मीना शिलाई मशीनवरून उठून पाणी प्यायला आली.

"मास्तर, ते सुरतवाले नीट कापतील ना? माल आखूड झाला तर शेठ कापडाला नाय बोलत, बाईला बोलतो. मागं शिलाईवरच्या सखूला तसंच कामावरून काढलं."

"बघू."

"तुम्ही बघा म्हणजे झालं." ती हसली आणि मशीनवर जाऊन बसली.

९९ टक्के.

"पोरी, थांब जरा."

मग त्यानं सांगितलं. कुठल्या गिरणीचं कापड, कुठली धुलाई, लांबीत किती, रुंदीत किती. हिला आता वही लागेल, त्याला वाटलं. प्रगतीनं एक तक्ता उघडला. रकाने आधीच आखलेले होते. बावीस वर्षं नऊ ओळींत बसली.

"बरं झालं बोललात, काका. वाट लागली असती. आणखी काही?"

"नाय."

"मग चालवून बघा. सुरतवाल्यांनीही हीच फाइल उघडलीय."

गुरुदत्तनं माउसवर हात ठेवला. पडद्यावर त्याच्या बाणाशेजारी दुसराच एक हिरवा बाण आला. बाणाला चिकटून लिहिलं होतं : सुरत २. तो सरळ पँटच्या पायावर गेला, खालची रेघ पकडली आणि हवी तेवढीच खाली ओढली.

गुरुदत्तनं हात काढून घेतला. बाण चालतच होता.